न पाहिलेल्या जागेचे वर्णन लिहायला लहान मुलांना कसे शिकवावे?

काळी माती (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. मी सोलापूर शहरातील एका प्राथमिक शाळेत तिसरी आणि चौथीच्या मुलांना मराठी शिकवते. कल्पनेतल्या जागेचे वर्णन लिहायला लहान मुलांना कसे शिकवावे, या एकाच प्रश्नावर येथील शिक्षकांनी आणि पालकांनी सविस्तर लिहावे, म्हणून हा धागा सुरू करत आहे.

परीचा राजवाडा, ढगांवरचे गाव, समुद्राच्या तळाचे शहर असे विषय आपण हौसेने देतो. वह्या गोळा केल्यावर मात्र साऱ्या वर्गाचा राजवाडा एकसारखाच निघतो. तो सोन्याचा असतो, फार सुंदर असतो, त्याच्याभोवती रंगीबेरंगी फुलांची बाग असते आणि शेवटी ‘मला तो राजवाडा खूप खूप आवडतो’ हे वाक्य असते. एवढ्यावरून आजकालच्या मुलांना कल्पनाशक्तीच नाही, असा निष्कर्ष शिक्षकांच्या बोलण्यात वारंवार निघतो आणि तो मला मान्य नाही. हीच मुले मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या पायऱ्यांना बोट ठरवतात, कोणती फरशी पाणी आहे आणि कोणती जमीन आहे हे आपसांत ठरवून घेतात, आणि पाण्यात पाय पडलेल्या गड्याला बाद करताना कोणतीही सवलत देत नाहीत. ज्यांना खेळात इतके काटेकोर जग उभारता येते त्यांना ते कागदावर उतरवता येत नसेल, तर आपण दिलेला विषय आणि आपण विचारलेले प्रश्न तपासून पाहायला हवेत.

माझे म्हणणे असे आहे की कल्पनेतली जागा मुलाने पाहिलेल्या, हाताळलेल्या आणि वास घेतलेल्या गोष्टींतूनच उभी राहते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी १९३० साली हेच मांडले होते : कल्पना शून्यातून काही निर्माण करत नाही, ती अनुभवातले घटक उचलते आणि त्यांची नवी जुळणी करते, त्यामुळे ज्याचा अनुभव भरघोस असेल त्याच्या कल्पनेला सामग्रीही अधिक मिळते. सोन्याचा राजवाडा आमच्या मुलांनी पाहिलेला नाही, म्हणून ती ऐकीव शब्दांवर भागवतात. त्याऐवजी मुलाच्या ओळखीची एक जागा घ्यावी, तिचा फक्त एक नियम बदलावा आणि बाकी सारे जसेच्या तसे राहू द्यावे. त्या एका बदलामुळे आणखी काय काय बदलेल याचा शोध मूल घेऊ लागले की वर्णन आपोआप पुढे सरकते.

एक उदाहरण सांगते. आपल्या जिल्ह्यातल्या काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा असतो. ती ओल धरली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात शेताला हात आत जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. गावाकडे जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने अशा भेगेत खडा टाकून तो कुठवर जातो हे पाहिलेले असते. वर्गाला मी एवढेच सांगितले की या भेगेतून आपल्याला खाली उतरता येते आणि खाली माणसे राहतात. नियम एकच : उजेड फक्त भेगेतून येईल तेवढा. त्यानंतर मुलांनी जे लिहिले त्यात ‘सुंदर’ हा शब्द क्वचितच सापडला. उजेडाची रेघ सकाळी एका भिंतीवर आणि संध्याकाळी दुसऱ्या भिंतीवर असते, म्हणून तिथल्या बायका धान्य वाळवायला त्या रेघेबरोबर सरकत जातात, असे एकीने लिहिले. एका मुलाने लिहिले की छतातून ज्वारीची मुळे खाली लोंबतात आणि वर कोणी पीक उपटले की खाली माती सांडते. आणखी एकाने लिहिले : ‘पाऊस पडला की आमचे दार बंद होते. म्हणून आम्ही मृगाच्या आधी वर येतो.’ माती ओलावली की भेग मिटते हे त्या मुलाला ठाऊक होते, आणि त्या माहितीतूनच त्याच्या जगाचा सगळ्यात महत्त्वाचा कायदा तयार झाला. मोठ्या माणसालाही हे वाक्य सहज सुचले नसते, असे मला मनापासून वाटते.

लिहिण्यापूर्वी मी भरपूर बोलू देते आणि नंतर प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारते : तू त्या जागेत नेमका कुठे उभा आहेस? दारात, छपरावर, की कोपऱ्यात? उभे राहण्याची जागा ठरली की आधी काय दिसेल, मागे काय राहील, कोणता आवाज जवळचा आणि कोणता लांबचा हे आपसूक ठरते. ती ठरली नाही, तर मूल आकाशातून पाहिल्यासारखे यादी करत सुटते : तिथे झाडे होती, तिथे घरे होती, तिथे पक्षी होते.

आपापल्या वर्गात आणि घरात आपण काय करता, ते कृपया लिहावे. मतभेद असल्यास तेही मोकळेपणाने मांडावेत.

होटगी रस्ता

ताई, धागा अतिशय आवश्यक आहे. मी शिक्षक नाही, माझी मुलगी तिसरीत आहे. तिला कल्पनेतल्या जागेबद्दल लिहायला सांगितले की ती मोबाइलवरील खेळातले जग जसेच्या तसे लिहिते. चौकोनी ठोकळ्यांची घरे, हिरे, तलवारी आणि पातळी क्रमांक अमुक. शाळेतून शेरा आला की खेळाबद्दल लिहू नये. तिने लिहिणेच सोडले. आता ती म्हणते, ‘तुम्हीच सांगा, मी उतरवून घेते.’ तिच्या डोक्यात जे जग आहे तेच बाद ठरवल्यावर तिने कशाबद्दल लिहावे, हा प्रश्न मला पडला आहे.

निवृत्त मुख्याध्यापिका

मी बरीच वर्षे जिल्ह्यातील शाळांत शिकवले आणि नंतर मुख्याध्यापिका म्हणून काम पाहिले. काळी माती यांचे विवेचन मला आवडले, तथापि एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते सांगणे मला आवश्यक वाटते.

ज्या घरांत पुस्तक नाही, ज्या घरांतली लेखनाची भाषा शाळेच्या दारातच पहिल्यांदा भेटते, त्या मुलांना नमुना द्यावाच लागतो. ‘मी पाहिलेली यात्रा’ किंवा ‘माझे गाव’ असे निबंध पाठ करून घेण्यावर आता टीका होते. परंतु त्या पाठांतरातून ‘दूरवर’, ‘सभोवती’, ‘एका बाजूला’, ‘इतक्यात’, ‘जसजसे पुढे जावे तसतसे’ अशा रचना मुलांच्या तोंडी बसत असत, आणि पुढे स्वतःचे लिहिताना त्याच कामी येत असत. ज्याच्याकडे रचना नाही त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असूनही तो तीन ओळींत थांबतो, हे मी पाहिले आहे. मुलाला मोकळे सोडले की ते लिहिते, हा विश्वास सुशिक्षित घरांतल्या मुलांना पाहून तयार झालेला असतो. कष्टकऱ्यांच्या मुलांचे त्यात नुकसान होते. म्हणून आधी चांगले उतारे मोठ्याने वाचून दाखवावेत, त्यातल्या रचना फळ्यावर काढाव्यात, आणि मगच कल्पनेकडे जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

काळी माती

बाई, आपण जी शब्दसंपदा सांगितली ती मुलांना मिळालीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘जसजसे… तसतसे’ ही रचना तर वर्णनासाठी सोन्यासारखी आहे, कारण तिच्यात चालणे आणि बदलणे दोन्ही एकदम येतात. माझा आक्षेप क्रमाला आहे. नमुना आधी वाचून दाखवला की मुले त्यातली रचनाही घेतात आणि जागाही घेतात, आणि पुन्हा साऱ्यांची बाग सारखी होते. मुलाने स्वतःची जागा तोंडी उभी केल्यानंतर त्याला नमुना दाखवला, तर जागा त्याची स्वतःची राहते आणि रचना तेवढी उचलली जाते. त्या वेळी त्याला रचनेची गरजही भासत असते. भेगेतून खाली उतरणाऱ्या मुलाला ‘जसजसे खाली जावे तसतसे’ हे दिले की ते त्याच क्षणी वापरले जाते आणि पुढे विसरले जात नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांबद्दल आपण म्हणता ती काळजी माझीही आहे. माझ्या वर्गातली बहुतेक मुले त्याच घरांतली आहेत.

होटगी रस्ता, आपल्या मुलीला तिच्या खेळातलेच जग लिहू द्यावे. फक्त तिला असे विचारावे की त्या जगात वास कसला येतो, जमीन पायाला गरम लागते की गार, तो हिरा उचलला तर हाताला किती जड लागतो, आणि रात्री तिथे झोपायचे असेल तर अंगावर काय घेशील. पडद्यावरच्या जगाला रंग असतात आणि आवाज असतात, पण वास, वजन, ऊब आणि चव नसते. या रिकाम्या जागा तिला स्वतःच्या अनुभवाने भराव्या लागतील आणि ते जग तिचे होईल. शाळेच्या शिक्षकांशीही आपण बोलावे. मुलाच्या मनात असलेला विषयच नाकारला, तर त्याच्या लिहिण्याची वाट तिथेच बंद होते.

पूर्वभाग

मी शहराच्या पूर्व भागात शिकवतो. माझ्या वर्गात अर्ध्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काही घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. अनेकांच्या घरी किंवा शेजारी यंत्रमाग आहेत, आणि आई-आजी विड्या वळतात.

ताईंनी अनुभवाच्या सामग्रीबद्दल जे लिहिले ते मी रोज पाहतो. या मुलांचे कान विलक्षण तयार असतात. दहा माग एकदम चालू असताना एखादा बंद पडला, तर आवाजातला तो फरक त्यांना शेजारच्या खोलीत बसून कळतो. हवेत तरंगणारी कापसाची तूस कवडशात कशी दिसते, भिजवलेल्या तेंदूपत्त्याचा वास कसा असतो, तंबाखूचे सूप जवळ आले की नाकात काय होते, हे त्यांना नेमके ठाऊक आहे. तरीही कल्पनेतल्या गावाबद्दल लिहिताना ती हे सारे बाजूला ठेवतात आणि परीकथेतला बर्फ लिहितात. आपल्या घरातल्या गोष्टी वहीत लिहिण्याजोग्या नाहीत, अशी त्यांची समजूत झालेली असते. ही समजूत कोणी एकाने करून दिलेली नाही. पाठ्यपुस्तकातले, गोष्टीतले आणि दूरचित्रवाणीवरचे घर त्यांच्या घरासारखे कधीच नसते, एवढेच त्याला पुरते.

मी एकदा असा विषय दिला की एका गावात आवाज दिसतात, पण ऐकू येत नाहीत. बाकी गाव आपल्या वाडीसारखेच. या विषयावर वर्ग थांबेनासा झाला. मागाचा आवाज दारातून जाड दोरखंडासारखा बाहेर पडतो आणि गल्लीत साठतो, म्हणून सकाळी तो झाडूने लोटावा लागतो, असे एका मुलाने सांगितले. आजीचा खोकला राखाडी असतो आणि तो छताला चिकटतो, असे एका मुलीने सांगितले. तिचे ते वाक्य मी आजही विसरू शकलेलो नाही.

एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. तोंडी उभारणी मुलाला त्याच्या घरच्या भाषेत करू द्यावी. मला तेलुगू कामापुरती समजते, जिथे अडते तिथे दुसरी मुले सांगतात. लिहिताना मराठीत लिहावे, हे त्यांनाही मान्य असते. पण जागा मनात उभी राहण्याच्या वेळीच भाषांतराचे ओझे आले, तर मूल जेवढे शब्द येतात तेवढीच जागा उभी करते.

निवृत्त मुख्याध्यापिका

पूर्वभाग सर, आपले शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले. जेवढे शब्द येतात तेवढीच जागा उभी राहते, हेच मी दुसऱ्या बाजूने सांगत होते. आपण घरच्या भाषेचा मार्ग काढलात, तो मराठी घरातल्या मुलांनाही लागू पडतो, कारण बोलीतून प्रमाण मराठीत येतानाही तेच ओझे असते. काळी माती यांनी क्रमाबद्दल जे लिहिले ते मान्य करण्यास माझी हरकत नाही. तोंडी जागा आधी, नमुना नंतर. नमुना मात्र वगळू नये.

दोन शिक्षकी

मी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेजवळच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली ते चौथीचे चारही वर्ग आम्हा दोघांत विभागलेले आहेत, त्यामुळे एका खोलीत दोन इयत्ता असतात. येथे मांडलेल्या कल्पना उत्तम आहेत, पण पहिलीतले मूल अजून अक्षर गिरवत असताना चौथीतल्या मुलाबरोबर हे कसे साधावे?

आम्ही जे करतो ते लिहितो. जागा सर्वांची एकच असते आणि ती परिपाठानंतर सगळे मिळून तोंडी उभी करतो. मग मी जमिनीवर खडूने तिचा मोठा आराखडा काढतो. लहान मुले त्यात खडे, पाने, काड्या, बाटल्यांची झाकणे ठेवून घरे आणि रस्ते मांडतात आणि मोठी मुले त्या आराखड्यात चालत वर्णन करतात. पहिलीतल्या मुलाने झाकण ठेवून ‘ही विहीर’ असे म्हटले की चौथीतल्या मुलाला ती विहीर स्वीकारावी लागते आणि तिच्याबद्दल एक वाक्य लिहावे लागते. यातून दोन लाभ झाले. लहान मुलांचा सहभाग नावापुरता राहिला नाही, आणि मोठ्यांना स्वतः न ठरवलेल्या वस्तूचे कारण शोधावे लागले. कोरड्या ओढ्याच्या मधोमध विहीर का आहे, या प्रश्नावर चौथीच्या एका मुलीने पानभर लिहिले.

चित्र काढून मग लिहायला सांगणे मला तितकेसे उपयोगी वाटत नाही. चित्रात सर्वांना घराची पुढची बाजू काढायची सवय असते, आणि मग वर्णनही पुढच्या बाजूचेच होते. आराखड्यात मूल घरामागे जाऊ शकते.

काळी माती

सर, आराखड्याची कल्पना मी या आठवड्यातच वर्गात वापरणार आहे. दुसऱ्याने ठेवलेली वस्तू नाकारायची नाही, हा नियम तर फारच मोलाचा आहे.

आपल्या मुलांसाठी शहरातली जागा घ्यायची असेल, तर सिद्धेश्वर मंदिराचा परिसर आराखड्याला अतिशय सोयीचा आहे, कारण त्याच्या कडा स्पष्ट आहेत. मध्ये मंदिर, चहूबाजूंनी तलाव, एका बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि जवळच होम मैदान. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा नंदीध्वज, होमप्रदीपन, शोभेचे दारूकाम आणि आकाशपाळणे मुलांनी जवळून पाहिलेले असतात. नियम असा बदलावा की त्या दिवसांत तलावाच्या पाण्यावरून चालता येते, पण पळता येत नाही, पळणारा बुडतो. मग दुकाने कुठे लागतील, पाळण्याचे पाय कुठे टेकवायचे, उंच नंदीध्वज पेलणारे लोक पाण्यावर कसे पाऊल टाकतील, लहान मुलाला आई कशी धरेल, असे प्रश्न मुले एकमेकांनाच विचारतात. ‘पळता येत नाही’ हा अर्धा भाग काढून टाकला, तर नुसती मौज उरते आणि मुले दोन वाक्यांत संपवतात. नियमाला एक अडचण जोडलेली असावी लागते, हे मला अनुभवाने कळत गेले आहे.

सीनाकाठ

मी मोहोळ तालुक्यात शिकवते. येथे थोडा वेगळा प्रश्न मांडते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला मोठा पूर आला. आमच्या शाळेतल्या अनेक मुलांच्या घरांत पाणी शिरले, काहींची जनावरे गेली. त्यानंतर कोणत्याही कल्पित जागेबद्दल लिहायला सांगितले तरी काही मुलांच्या लिखाणात पाणी येते. ढगांवरच्या गावातही पाणी चढते, परीच्या घरातही पाणी चढते. एका सहकाऱ्यांचे मत असे की अशा मुलांना आनंदी विषयच द्यावेत आणि पाण्याचा उल्लेख आला तर हळूच दुसरीकडे वळवावे. मला ते पटत नाही, पण काय करावे हेही स्पष्ट होत नाही.

पूर्वभाग

ताई, मुलाने लिहिलेले पाणी पुसू नये, असे मला वाटते. मात्र ‘पुराचा अनुभव लिहा’ असा विषय शिक्षकाने स्वतःहून देणे वेगळे, आणि कल्पनेच्या जागेत मुलाने स्वतःहून पाणी आणणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मूल त्या पाण्याचे मालक असते. ते किती चढेल, कोणत्या पायरीवर थांबेल, कोण वर बसलेले असेल, हे तेच ठरवते. त्याला एवढेच विचारावे : हे पाणी कुठे थांबते? ते कुठे थांबते हे सांगायला मूल तयार नसेल, तर तिथेच थांबावे आणि वही बंद करून त्याच्याशी गप्पा माराव्यात. वर्गासमोर ते लेखन वाचून दाखवण्याचा आग्रह मुळीच धरू नये.

निवृत्त मुख्याध्यापिका

सरांशी मी पूर्ण सहमत आहे. एक भर घालते. अशा लेखनावर शुद्धलेखनाची एकही खूण करू नये. आणि ज्या मुलाच्या लिखाणात तेच ते पुन्हा पुन्हा येत राहते, झोप उडाली आहे किंवा बोलणे कमी झाले आहे असे दिसते, त्याच्या पालकांना भेटून समुपदेशकाची मदत घ्यावी. लेखनाच्या तासाने सर्व काही होईल, अशी अपेक्षा शिक्षकाने स्वतःकडून ठेवू नये.

सीनाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. ‘हे पाणी कुठे थांबते’ हा प्रश्न मी उद्या एका मुलाला विचारणार आहे.

जुळे सोलापूर

आतापर्यंतची चर्चा काळजीपूर्वक वाचली. मी चौथीला शिकवतो. माझा प्रश्न मूल्यमापनाचा आहे. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता आणि लिहिता यावे यावर भर आहे, आणि तो योग्यच आहे. पण प्रत्यक्षात आमच्याकडे अक्षर, शुद्धलेखन आणि वाक्यांची संख्या यांवरच गुण जातात. आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात, तिथे ‘कल्पनाशक्ती चांगली आहे’ एवढेच सगळ्यांच्या पुढे लिहिले जाते. नेमके काय पाहावे आणि लाल शाई कुठे वापरावी?

काळी माती

जुळे सोलापूर, आपण विचारलेत ते फार आवश्यक होते, म्हणून सविस्तर लिहिते.

‘कल्पनाशक्ती चांगली आहे’ या नोंदीने मुलाला किंवा पालकाला काहीच कळत नाही. मी वाचताना पहिल्यांदा हे पाहते की जागेचा नियम मुलाने शेवटपर्यंत सांभाळला आहे का. आवाज ऐकू येत नाहीत असे ठरलेल्या गावात चौथ्या ओळीला घंटेचा आवाज ऐकू आला, तर ते मूल जागेतून बाहेर पडले आहे. हे शुद्धलेखनाच्या चुकीपेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते आणि मी फक्त तिथे पेन्सिलने एक लहान प्रश्नचिन्ह काढते. त्यानंतर मी असे एक तरी वाक्य शोधते, जे वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्याही वहीत असू शकणार नाही. ते सापडले तर नोंदीत तेच वाक्य उतरवते. ‘उजेडाच्या रेघेबरोबर सरकणाऱ्या बायकांचे निरीक्षण स्वतःचे आहे, नियम टिकवला आहे, मात्र स्वतः कुठे उभी आहे हे दुसऱ्या परिच्छेदात हरवले’ अशी नोंद वाचल्यावर पालकालाही काय बोलायचे ते कळते आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकालाही.

शुद्धलेखन पहिल्या खर्ड्यात मी तपासत नाही. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकाने स्वतःला शंका असलेले दोन-तीन शब्द स्वतः अधोरेखित करायचे असतात आणि तेवढेच आम्ही मिळून पाहतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने मुले अवघड शब्द टाळतात, ‘तूस’ लिहिण्याऐवजी ‘कचरा’ लिहितात आणि त्याबरोबर त्यांचे निरीक्षणही गमावतात. वाक्यांच्या संख्येची अट तर मी पूर्णपणे काढून टाकली आहे. दहा ओळींची अट घातली की मूल पाचव्या ओळीपासून भरणा करू लागते.

विशेषणांबद्दल एक सांगायचे आहे. ‘सुंदर’, ‘छान’, ‘मोठे’ या शब्दांवर काही ठिकाणी सरसकट बंदी घातली जाते. मी बंदी घालत नाही, कारण बंदीमुळे मूल ‘सुंदर’च्या जागी ‘मनमोहक’ लिहिते आणि वर्णन होते तिथेच राहते. ‘मोठे’ लिहिले असेल तर मी विचारते : त्याच्या एका टोकाकडून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाते का? उत्तर वहीत लिहिले गेले की ‘मोठे’ हा शब्द राहिला काय आणि गेला काय, फरक पडत नाही.

होटगी रस्ता

ताई, जे मूल तोंडी भरभरून सांगते आणि लिहिताना दोन ओळींवर थांबते, त्याचे लेखन पालकाने लिहून घ्यावे का? की त्यामुळे सवय बिघडते?

निवृत्त मुख्याध्यापिका

अवश्य लिहून घ्यावे, तिसरीपर्यंत तर नक्कीच. अट एकच : मुलाने सांगितलेला शब्द बदलू नये, वाक्य सुधारू नये. लिहून झाल्यावर ते त्याला वाचून दाखवावे आणि शेवटचे एक वाक्य त्याच्या हाताने लिहून घ्यावे. पुढे हळूहळू त्याच्या हाताची वाक्ये वाढवावीत आणि आपली कमी करावीत. लहान मुलाचा हात त्याच्या मनाच्या वेगाने चालत नाही. हाताच्या थकव्याला आपण पुष्कळदा विचारांची उणीव समजतो.

दोन शिक्षकी

एक शेवटची विनंती. मार्चपासून आमची शाळा सकाळची होते आणि ऊन चढायच्या आत जे होईल तेवढेच होते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी चौथीकडून एक चांगले, लांब वर्णन लिहून घ्यायचे आहे. भेगांचा विषय आमच्याकडे झाला. दुसरा असा एखादा विषय सुचवावा, ज्यात जागा कल्पनेतली असेल पण मुलांना पुरेशी सामग्री मिळेल.

काळी माती

सर, उजनीच्या पाण्याखालचे गाव घ्यावे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयात अनेक गावांच्या जुन्या वस्त्या बुडाल्या. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे जुने देऊळ पाणी बरेच खाली गेले की उन्हाळ्यात बाहेर दिसू लागते. एवढी खरी माहिती मुलांना आधी सांगावी, कारण या विषयात खऱ्याचा भाग जितका पक्का असेल तितके मुलांचे धैर्य वाढते. मग नियम द्यावा : पाण्याखालच्या त्या गावात माणसे अजून राहतात, सगळे व्यवहार आपल्या गावासारखेच चालतात, फक्त कोणतीही हलकी वस्तू हातातून सुटली की ती वर निघून जाते आणि परत येत नाही.

पहिल्या दिवशी काहीही लिहून घेऊ नये. आपला खडूचा आराखडा काढावा आणि लहान मुलांना त्यात वस्तू ठेवू द्याव्यात. कोणत्या वस्तू जड आणि कोणत्या हलक्या यावर मुले पुष्कळ वाद घालतील, तो घालू द्यावा. शक्य असल्यास बादलीत पाणी घेऊन लाकडी चमचा, कांदा, चिंचोका, खडू, भाकरीचा तुकडा असे जे हाताशी असेल ते टाकून पाहावे. भाकरी आधी तरंगते आणि मग भिजून खाली जाते, यातून त्या गावातल्या जेवणाच्या पद्धतीबद्दल मुलांना नक्कीच काही सुचेल. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने उभे राहण्याची जागा निवडावी आणि पहिला खर्डा लिहावा. एखादे मूल अडले, तर त्याला वर पाहायला सांगावे, कारण त्या गावाच्या आभाळात मासे असतील आणि क्वचित एखाद्या होडीचा तळ असेल, आणि ते कोणीही सांगितलेले नसते. बाईंनी सांगितलेल्या ‘दूरवर’, ‘सभोवती’, ‘जसजसे… तसतसे’ या रचना पहिला खर्डा झाल्यावर फळ्यावर लिहाव्यात आणि प्रत्येकाने त्यातली एक आपल्या लेखनात कुठे बसते ते शोधावे.

दुसरा खर्डा त्याच दिवशी घेऊ नये. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. लगेच घेतला तर मुले फक्त अक्षर सुधारतात.